‘आईचा हात’ नावाचा लेयर

नलूताईंच्या मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरला, हात लावायचा नाही, ही गोष्ट आमच्या फोटो स्टुडिओत नव्या माणसाला पिण्याचं पाणी कुठं आहे त्याच्याही आधी सांगायचे. मलाही सांगितली होती. सहा वर्षं मी ती पाळली आणि एका दुपारी पाळली नाही. आज तेच सांगायला बसलोय. पण आधी बाई काय चीज होती ते सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्या चुकीचं वजन कुणाला कळायचं नाही.

औरंगपुऱ्यात साड्यांच्या एका दुकानावर, वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. खाली दिवसभर भावाची घासाघीस आणि वर आम्ही दोघं लोकांच्या लग्नातले मिटलेले डोळे उघडत बसलेलो. नलूताई, म्हणजे नलिनी साळवे, रोज फुलंब्रीहून एसटीनं यायच्या. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटक, आवाज बारीक पण धारदार. आल्या की आधी हातातल्या बांगड्या काढून ड्रॉवरमध्ये ठेवायच्या. बांगडी टेबलावर घासली की ब्रश हलतो म्हणायच्या. मग पदर कमरेला खोचायचा, मशीनचा चष्मा चढवायचा आणि बसायचं. बसल्या की बोलायचं नाही. आपण काही विचारलं तर डावा हात वर व्हायचा, थांब म्हणून, आणि तो खाली येईपर्यंत मालकसुद्धा उभा राहायचा. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला म्हणून त्यांनी काम सोडलं. आता पुण्याला लेकाकडं असतात.

त्यांचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं होतं. फोटोतलं काही खोडायचं नाही, झाकायचं. मी आधी जिथं होतो त्या लॅबमध्ये आम्ही खोडरबर घेऊन सपासप खोडायचो. ताईंनी पहिल्याच दिवशी माझ्या पाठीमागं उभं राहून ते पाहिलं आणि माझ्या नावानं हाक मारून म्हणाल्या, “देवा, हे काय लावलंस? कसाई हायेस का तू?”

मग त्यांनी मला मास्क शिकवला. फोटो म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा, एकेक काच म्हणजे एकेक लेयर. त्या लेयरवर मास्क टाकला आणि काळा ब्रश फिरवला की तेवढा भाग दिसेनासा होतो. पांढरा फिरवला की होता तसा परत येतो. खालच्या फोटोला धक्का लागत नाही. मला ते चटकन उमगेना, तेव्हा ताईंनी डबा उघडला, भाकरीवर फडकं टाकलं आणि विचारलं, “गेली का भाकर?” नाही म्हणालो. “मंग? फडकं उचल अन् खा.” झाला माझा क्लास. खोडायला अक्कल लागत नाय, झाकायला लागती, हे त्यानंतर मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही.

दुसरी खोड नावांची. मशीन आपणहून लेयरला आकडे देतं. ताईंना ते खपायचं नाही. “आकडा जेलमधल्या माणसाला असतो,” म्हणायच्या. त्यांच्या फाईलमध्ये लेयरची नावं असायची ‘नवरीची मामी’, ‘रुसलेला जावई’, ‘मधे घुसलेलं पोरगं’. ओळख ना पाळख, पण आठ दिवस अल्बमवर बसल्या की त्यांना सगळी नाती पाठ. एकदा अल्बम न्यायला आलेल्या बाईला त्यांनी विचारलं, “तुमच्या नणंदेचं अन् तुमचं पटत नाय का हो?” बाई गारच पडली. प्रत्येक फोटोत दोघींच्या मधे एक माणूस उभा होता म्हणे!

निवडणुकीच्या दिवसांत तर मजाच. एका भावी नगरसेवकानं फ्लेक्स करून घेतला, वर त्याच्या नेत्याचा हा मोठा फोटो. दोन दिवसांत दोघांचं बिनसलं. कार्यकर्ता धावत आला, “नेत्याला उडवा.” ताईंनी नेता झाकला. चार दिवसांनी दिलजमाई झाली, तोच कार्यकर्ता तोंड पाडून पुन्हा जिन्यात. ताईंनी एकच टिचकी मारली आणि नेता हसत हजर. कार्यकर्ता पाया पडायला वाकला तर म्हणाल्या, “आता बसा जरा. चहा पिऊस्तोवर फिस्कटलं तर परत जिना चढायला नको.”

पण बाई गोड होती असं समजू नका. जिभेला धार होती. एका नवरीच्या मोकळ्या केसांची कड मी नीट काढली नाही, तर चार वेळा करायला लावली. “हे केस हायेत का चऱ्हाट?” मी रागानं उठून गेलो तर मागं बघितलंसुद्धा नाही. आणि एकदा लग्नघरच्या कुणीतरी परस्पर सांगितलं की नवरीच्या आईच्या चेहऱ्यावरचा पांढरा कोडाचा डाग घालवा. ताईंनी नवरीच्या आईलाच फोन लावला. “बाई, तुमचा डाग ठेवू का काढू?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडून आवाज आला, “राहू द्या हो, लेकीला तसंच माहितीये.” ताईंनी फोन ठेवला आणि कामाला लागल्या. माणसाला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम.

तर ती दुपार.

सकाळी अकराला पाचोडकडचे एक गृहस्थ वर आले. रंगनाथराव. पांढरे कपडे, कपाळाला आठी, हातात पेनड्राइव्ह. मुलाचं लग्न होतं आणि स्टेजवर घरच्यांचा मोठा बोर्ड लावायचा होता. फोटो दहाएक वर्षांपूर्वीचा, शेतातल्या विहिरीजवळचा. आजी, मुलगा, मधे बायको आणि बायकोशेजारी हिरव्या ड्रेसमधली एक शाळकरी पोरगी. आईचा हात पोरीच्या खांद्यावर.

“ही काढायची,” रंगनाथराव पोरीकडं बोट करून म्हणाले. “पार काढायची. मागं काही ठेवायचं नाय.”

“कोन हाये?” ताईंनी विचारलं.

“पोरगी व्हती.”

ताईंनी फोटो मोठा केला. “अन् हा हात?”

“मालकिणीचा. तिला जाऊन चार वर्षं झाली.”

“पोरगी काढल्यावर हा हात कुठं ठेवू?”

खालून साडीवाल्याचा आवाज येत होता. रंगनाथराव म्हणाले, “खाली सोडा. साधा खाली सोडा.”

मग त्यांना कुणीही न विचारता बोलायचंच होतं बहुतेक. “शेंद्र्याला कंपनीत लावली. शिकली म्हणून लावली. तिथल्याच एकाबरोबर गेली. आपल्यातला नाय, बौद्धवाड्यातला. गावात मान वर करून चालायची सोय ठेवली नाय तिनं. तुम्हीच सांगा ताई, आपण अशा लोकांत...” आणि तेवढ्यात त्यांची नजर टेबलाच्या काचेखाली गेली. तिथं ताईंनी बुद्धाचं छोटं चित्र ठेवलं होतं. रंगनाथरावांचं वाक्य तिथंच तुटलं. आता ही बाई पेनड्राइव्ह जिन्यातून भिरकावते की काय, असं मला वाटलं.

ताईंचा ब्रश थांबला नाही. “हात खाली सोडते,” म्हणाल्या. “लई बारीक काम हाये. चार वाजता या.”

रंगनाथराव हलेनात. कॉम्प्युटरमधली मूळ फाईल त्यांनी आपल्यासमोर उडवायला लावली, कचऱ्याची पेटी रिकामी करायला लावली, पेनड्राइव्ह पुसून घेतला. घरातली फ्रेम त्यांनी स्वतःच चुलीत घातली होती, तेही सांगितलं. स्क्रीनवर तोवर पोरगी झाकली गेली होती, तिच्या जागी विहिरीचा कठडा आला होता.

“आता कुठं राहिली नाय ना?”

“तुम्हाला दिसती का?”

“नाय.”

ते जिना उतरल्यावर मी म्हटलं, “ताई, पण खाली आहेच की ती.” ताईंनी मास्कवर टिचकी मारली, हिरवी पोरगी आली. पुन्हा मारली, गेली. “हाये,” म्हणाल्या. “अन् तुला खरं सांगू? मी त्यांना फसवलं. मला ते बरं वाटत नाय. पण मी कोन हिला मारणारी?” आता साऱ्या दुनियेत ती पोरगी आईजवळ उभी होती ती फक्त या एका फाईलमध्ये, त्या काळ्या मास्कखाली. हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

दीडच्या सुमाराला एक मुलगी धापा टाकत वर आली. अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. चुलतभावानं तिला फोन करून सांगितलं होतं.

“मी सुवर्णा. पाचोडचे आलते का? फोटो घेऊन?” आणि आम्ही काही म्हणायच्या आत तिला रडू फुटलं. “ताई, माझ्याकडं आईचा एकबी फोटो नाय. अंगावरच्या कपड्यानिशी निघाले मी. आजारपणातले फोटो घरी हायेत, ते मला नकोत. हा एकच हाये ज्यात आई चांगली हाये अन् मी तिच्याजवळ हाये. मला द्या. मी कुणाला दाखवायची नाय.”

“फोटो तुझ्या वडिलांनी आणलाय,” ताई म्हणाल्या. “गिऱ्हाइकाचा फोटो मी दुसऱ्याला देत नाय.”

“पण त्यात मी बी हाये की!”

ताईंनी चष्मा कपाळावर सारला आणि तिच्याकडं नीट बघितलं. “व्हय,” म्हणाल्या. “तू बी हायेस.” मग उठल्या. “चारला ते येणारेत. त्यांच्या तोंडावर मागीन तुझ्यासाठी. चोरून नाय देणार. सकाळी एकदा चोरी केली तेवढी बास.”

“ते ऐकायचे नाहीत, ताई. मला इथं बघून काय करतील सांगता येत नाय.”

“बघू. काही खाल्लंस का? चल खाली.” जाताना मला म्हणाल्या, “देवा, हात नको लावू.”

आणि मी लावला.

त्याचं असं झालं. बोर्ड छापणाऱ्याचा फोन आला, तीनच्या आत फाईल पाठवा, आणि हलकी पाठवा, मागची जड फाईल अर्ध्यात अडकली होती. तो ठेवतो न ठेवतो तोच रंगनाथरावांचा, झालं का? मी घाबरलो होतो, खरं तेच सांगतो. बाप आणि लेक या खोलीत समोरासमोर आले तर काय होईल एवढंच डोक्यात होतं. वाटलं, काम उरकून पाठवून देऊ, म्हणजे म्हातारा वर यायचाच नाही. मी ताईंच्या खुर्चीत बसलो. जुन्या लॅबमध्ये आमची रीत होती, काम संपलं की मास्क ‘अप्लाय’ करून टाकायचा, म्हणजे फाईल हलकी होते. अप्लाय म्हणजे जे झाकलेलं असतं ते कायमचं कापून फेकणं. छपाईसाठी वेगळी प्रत काढायची असते हे शेंबड्या पोराला कळतं. माझ्या बोटांना मात्र जुनी रीत आठवली. घरच्यांचा लेयर, उजवं बटण, अप्लाय. सेव्ह. प्रत पाठवली, फाईल बंद केली. चांगलं काम केल्यासारखा मी पाणी प्यायलोसुद्धा.

ताई आल्या, बसल्या, फाईल उघडली. लेयरच्या चित्राशेजारी मास्कचं दुसरं चौकोनी चित्र असतं. ते नव्हतं.

“देवा.”

“काय ताई?”

“अप्लाय केलं?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“सेव्ह?”

“व्हय.”

“बंद केली व्हती?”

मी मान हलवली; फाईल एकदा बंद केली की केलेलं उलटवता येत नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला. मागं सुवर्णा उभी होती. “काय झालं ताई?” ताई खुर्चीसकट तिच्याकडं वळल्या. “फोटोतून तू गेलीस, पोरी. आमच्या हातून गेलीस.” ‘आमच्या’ म्हणाल्या. माझ्याकडं बोटसुद्धा दाखवलं नाही. ते आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते.

सुवर्णा खाली फरशीवरच बसली. गेलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर मी तासभर चालवलं. कुणाकुणाच्या हळदी, बारशी, मुंजी वर आल्या. ती विहीर काही आली नाही. सव्वातीन झाले. ताई स्क्रीनकडं बघत होत्या. एकाएकी त्यांनी चष्मा चढवला. हात खाली सोडण्यासाठी सकाळी त्यांनी तो भोवतालच्या कापडासकट निराळा उचलून घेतला होता, त्याचा वेगळा लेयर होता, ‘आईचा हात’ नावाचा. त्याच्या मास्कला मी शिवलो नव्हतो. ताईंनी हात पुन्हा वर मूळ जागी नेला आणि पांढरा ब्रश फिरवला. हाताच्या बोटांखाली हिरवं कापड आलं. चार बोटं रुंद खांदा, गळ्याची थोडी पट्टी. तेवढंच. त्याच्यावर आईची बोटं, नखात हळद भरलेली.

“हा माझा ड्रेस,” सुवर्णा म्हणाली आणि स्क्रीनच्या अगदी जवळ आली.

“देवा, कॅमेरा काढ,” ताई म्हणाल्या. “लाईट डावीकडून लाव, फोटोत ऊन डावीकडून हाये. शिंप्याकडून हिरवं कापड आण. पोरी, तू उभी राहा. आहे त्या खांद्याला मी तुला जोडते. आता मोठी झालीस, आहेस तशी आईजवळ राहशील.”

मी धावत कापड आणलं. तिच्या खांद्यावरून ते घातलं. ताईंनी फोटो घेतले, मशीनवर चढवले आणि अडल्या. “मान कुठं व्हती तुझी? आईकडं बघत व्हतीस का समोर?”

“मला नाय आठवत, ताई. तुम्ही तर सकाळभर बघत व्हता मला.”

“मी कड बघितली गं,” ताई म्हणाल्या. “तीनशे टक्क्यांवर माणूस दिसत नाय, नुसती कड दिसती. चेहऱ्याकडं मी मुद्दाम बघितलं नाय. बघितलं असतं तर काळं फिरवता आलं नसतं.”

मी आठवायचा प्रयत्न केला, मलाही आठवेना. आणि जिन्यात चपला वाजल्या. चार वाजायला वेळ होता, पण रंगनाथराव आले होते.

दारात ते थबकले. सुवर्णा कापड धरून भिंतीला टेकली. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, बघितलं नाही म्हणजे एवढ्या जोरानं नाही बघितलं की मानेची शीर ताठ दिसत होती. मी त्या दोघांच्या मधे कुठं उभं राहावं ते मला कळेना.

ताई उठल्या. “भाऊ, तुमचा बोर्ड छापायला गेलाय. तुम्ही सांगितला तसा. सकाळी मी पोरगी नुसती झाकून ठेवली व्हती, तुम्हाला सांगितलं नव्हतं. ती माझी चूक. दुपारी ती खरंच उडाली. ती बी आमचीच चूक. आता ती कुठंच नाय, तुम्हाला पाहिजे व्हतं तसं.”

रंगनाथराव स्क्रीनकडं बघत होते. तिथं बायको होती, बायकोचा हात होता आणि हाताखाली हिरव्या चिंधीएवढा खांदा. पुढं नुसती विहीर. ताईंचा मानेचा प्रश्न जिन्यात त्यांच्या कानावर गेला असावा, ते खुर्ची धरून पुढं वाकले.

“आईकडं नव्हती बघत,” ते म्हणाले. “समोर बघत व्हती. दात दिसत व्हते.”

“तुम्हाला कसं ध्यानात?”

“फोटो मी काढलाय. माझ्याकडं बघून हसत व्हती ती.”

मग ते घाईघाईनं म्हणाले, “स्टेजवरचा बोर्ड तसाच राहू द्या. पाव्हण्यांसमोर मला नाय जमायचं. तो तसाच.” आणि तरी ते गेले नाहीत.

“मंग इथं या,” ताई म्हणाल्या. “देवाच्या शेजारी, कॅमेऱ्याच्या मागं उभे राहा. फोटो काढताना व्हता तसे.”

मला वाटलं आता हा माणूस पाय आपटत जिना उतरणार. ते आले. माझ्या उजव्या खांद्याला त्यांचा खांदा लागला. ताई सुवर्णाच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि आपला बिनबांगड्यांचा हात त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला. “कापड दबलं पाहिजे हाताखाली,” म्हणाल्या. “नाहीतर आईचा हात वर तरंगल्यासारखा दिसंल. माझा मी नंतर झाकीन.”

सुवर्णानं मान वर केली. डोळे लाल, ओठ घट्ट मिटलेले.

“हसायला सांगा तिला,” रंगनाथराव ताईंना म्हणाले.

“मी नाय सांगणार. तुम्ही सांगा.”

पंखा फिरत होता. माझं बोट बटणावर होतं. कानाशी त्यांचा श्वास ऐकू येत होता, आत गेला की बाहेर यायला वेळ लावणारा. ताई ताठ उभ्या होत्या, चष्मा कपाळावर, हात त्या पोरीच्या खांद्यावर दाबून धरलेला, आणि नजर थेट त्या माणसावर. हटायला तयार नाहीत.

“सुवर्णे,” ते म्हणाले. “इकडं बघ, बाळा.”

मी बटण दाबलं.